बॅकअप आहे की, चार तासांचा!

डॉक्टर लोक चार मित्रांत बसले की पेशंटचे किस्से सांगतात, वकील पक्षकारांचे सांगतात. आमचं तसं नाही. आमचं काम नीट चाललं असेल तर सांगण्यासारखं काही घडतच नाही! लोकांची माहिती कॉम्प्युटरात असते. तिची वेळच्या वेळी एक प्रत काढून ठेवायची, म्हणजे बॅकअप. मूळ माहिती गेली तर त्या प्रतीवरून ती परत उभी करायची, म्हणजे रिकव्हरी. बस्स. वर्षभर सगळं सुरळीत असलं की आमचं नावही कुणाला आठवत नाही, आणि एक दिवस सर्व्हर बसला की चहा गार होईपर्यंत दहा फोन! त्यामुळे आमच्याकडे किस्से साठतात ते बिघाडाचेच. आणि बिघाडाला आमच्या भागात काही तोटा नाही.

बेळगावात खडेबाजारात एका कापड दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. आम्ही तिघं. मालक सुकुमार अण्णा, मूळचे निपाणीचे. मराठीत आणि कन्नडमध्ये सारख्याच वेगानं रागावतात. दुसरा परशराम, येळ्ळूरचा. सकाळी शेतात एक चक्कर मारून नऊला मोटरसायकलवरून हजर. आणि तिसरी मी.

* * *

निपाणीजवळच्या एका शाळेनं आमच्याकडे नवीनच काम दिलं होतं. हेडमास्तर मोठे उत्साही. मी फोनवर पहिली चौकशी केली, "सर, तुमच्याकडे बॅकअप आहे का?"

"आहे की!"

मला बरं वाटलं. निम्म्या लोकांकडे नसतोच. "किती जुना आहे?"

"नवाच हाय. गेल्या महिन्यात बसवला."

बसवला? मी जरा सावध झाले. "रोज घेता का?"

"रोज कशाला? करंट गेला की आपोआप चालू होतोय."

आता अंदाज आला, पण तोवर प्रश्न तोंडातून निघून गेला होता. "म्हणजे सर, साधारण किती दिवसांचा बॅकअप आहे?"

"दिवसांचा कुठला हो म्याडम! चार तासांचा. पंखे बंद ठेवले तर पाच!"

तेव्हापासून आमचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "इन्व्हर्टर सोडून बॅकअप आहे का?"

* * *

चिकोडीकडच्या एका कॉलेजात बसप्पा नावाचे क्लार्क होते. गोड माणूस. कन्नड बोलणारे, मराठी कळणारे. दर शनिवारी त्यांनी बॅकअप घ्यायचा, आणि अण्णांनी फोन करून खात्री करायची, असं ठरलेलं.

"बसप्पा, बॅकअप?"

"आयतु!"

आयतु म्हणजे कन्नडमध्ये 'झालं'. अण्णा खूश. पुढच्या शनिवारी पुन्हा, "बॅकअप?" "आयतु!" असे चार महिने गेले.

मग कॉलेजचा कॉम्प्युटर बसला. परशराम गाडी मारत गेला, आणि तिथूनच त्याचा फोन आला. "अण्णा, हितं एकच बॅकअप हाय. चार महिन्यापूर्वी मीच घेतल्याला!"

अण्णांनी बसप्पांना फोनवर घेतलं आणि अर्धा तास कन्नडमधून जो काही उद्धार केला, तो खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकला. बसप्पा बिचारे रडकुंडीला आले. त्यांचं म्हणणं एकच, "मी खोटं कधी बोललो? तुम्ही म्हणालात बॅकअप, मी म्हणालो आयतु. म्हणजे, बरं, ठीक आहे, घेतो!"

आणि खरंच की! 'आयतु' म्हणजे झालं, आणि 'आयतु' म्हणजे बरं. दोघंही बरोबर होते, बॅकअप तेवढा नव्हता.

बसप्पांनी मात्र हात झटकले नाहीत. मुलांचे कागदावरचे फॉर्म कपाटातून काढून आठ दिवस स्वतः टाइप करत बसले. एकाही मुलाचं नाव चुकू दिलं नाही. अण्णांचा राग उतरला. स्वतः कॉलेजात जाऊन, त्यांच्या शेजारी बसून त्यांनी शांतपणे समजावलं, "बसप्पा, हितून पुढं आयतु म्हणायचं न्हाय. काम खरंच संपलं की 'मुगीतु' म्हणायचं. मुगीतु म्हणजे संपलं. समजलं का?"

बसप्पांनी मान डोलावली.

"आयतु!"

* * *

फोटो स्टुडिओवाले मारुतीआप्पा म्हणजे टापटिपीचा माणूस. लग्नाचे, बारशाचे, साठीशांतीचे हजारो फोटो, कुणाचा कुठला हे सगळं नोंदवून ठेवलेलं. त्यांना आम्ही पद्धत लावून दिली: रविवारी सगळ्याचा एक मोठा बॅकअप, म्हणजे फुल. सोमवार ते शनिवार फक्त त्या दिवशी जे बदललं तेवढ्याचा छोटा बॅकअप, म्हणजे इन्क्रिमेंटल. छोटे सगळे मोठ्याच्या आधारावर उभे.

एक दिवस डिस्क बंद पडली. परशराम बॅकअप बघायला गेला.

आप्पा अभिमानानं म्हणाले, "सहाच्या सहा फायली हाइत बघ. सोमवार, मंगळवार, एक बी चुकवल्यालं न्हाय."

"आणि रविवारची?"

"ती व्हय? ती काढून टाकली. लई जागा खात होती."

परशराम खुर्चीत बसला. "आप्पा," तो म्हणाला, "घर पाडलासा आणि खिडक्या तेवढ्या जपून ठेवल्यासा की वो!"

नशीब एवढंच की डिस्क दुरुस्त झाली. आप्पांनी त्या दिवशी आम्हा तिघांचा एकत्र फोटो काढून दिला. त्यात परशरामाचे डोळे मिटलेले आहेत.

* * *

अण्णांचं एक वाक्य आमच्या ऑफिसात भिंतीवर लावलेलं नाही एवढंच. "परत उभा करून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचं न्हाय!" दर महिन्याला आम्ही प्रत्येक बॅकअप वेगळ्या मशीनवर चढवून बघतो. नुसती फाइल दिसते म्हणून विश्वास ठेवायचा नाही.

याच अण्णांनी निपाणीच्या घराची जादा किल्ली शेजारच्या शांताक्कांकडे ठेवलेली. "ऑफसाइट कॉपी," असं आम्हाला ऐटीत सांगायचे. म्हणजे प्रत मूळ जागेपासून लांब हवी, एकाच ठिकाणी दोन्ही नकोत.

एका रविवारी अण्णा आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, मंदिरातून परत आले, तर किल्ली आत आणि कुलूप बाहेर. अण्णा हसले. "काळजी करू नको, बॅकअप हाय." शांताक्कांकडून किल्ली आणली. लावली. फिरेना. तेल घातलं. फिरेना. शेवटी काकूंना आठवलं, कुलूप दिवाळीतच बदललंय!

काकू पायरीवर बसल्या, पदरानं वारा घेतला, आणि विचारलं, "परत उघडून बघितलतासा काय, कधी?"

हे आम्हाला अण्णांनी सांगितलं नाही. काकूंनी स्वतः ऑफिसात फोन करून सांगितलं!

* * *

आता रत्नाक्का. निपाणीत वधू-वर सूचक केंद्र चालवतात. शेकडो लग्नं जमवलेली बाई. बोलायला लागल्या की समोरच्याला मध्ये बोलायला फट सापडत नाही. काम घेतानाच मी त्यांना विचारलं होतं, "आक्का, उद्या काही बिघडलं, तर किती दिवसांची माहिती गेलेली चालेल?" आमच्या धंद्यातला हा पायाचा प्रश्न. त्यावरून बॅकअप किती वेळा घ्यायचा ते ठरतं.

"आमच्यात काय रोज बदलतंय गं? सहा महिन्याची गेली तरी चालतंय."

मी समजावलं, अण्णांनी समजावलं. आक्का हटल्या नाहीत. सहा महिन्यांनी एक बॅकअप, असं त्यांच्या सहीनं ठरलं. आणि पाचव्या महिन्यात सर्व्हर गेला.

आम्ही होता तो बॅकअप चढवला. दुपारपर्यंत सगळं सुरू. आक्का म्हणाल्या, "बघ, झालं का न्हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. आवाज वेगळाच. "अगं, काय केलासा हे? माझी लग्नं मोडली की!"

झालं होतं असं, की पाच महिन्यांमागची माहिती जिवंत झाल्यावर मधल्या काळात लग्न झालेले सगळे पुन्हा उपवर झाले होते! आणि सिस्टीमनं आपलं काम चोख केलं होतं: जुळणाऱ्या स्थळांचे मेसेज आपोआप सगळ्यांच्या मोबाइलवर. संकेश्वरची एक नवी नवरी फोनवर ओरडत होती, की माझ्या नवऱ्याला तीन स्थळं आलीत. एक सासरे विचारत होते, सून परत दाखवायची असते काय?

आक्कांनी त्या दिवशी एकेका घरी फोन करून माफी मागितली. हसत, दटावत, एकेकाला निवांत करत. संध्याकाळी मी विचारलं, "आता सांगा, किती दिवसांची गेली तर चालेल?"

"एका तासाची बी न्हाय!"

पण सगळ्यात भारी गंमत चिकोडीच्या एका जोडप्याची. त्यांच्या लग्नाला तीन महिने झालेले. सिस्टीमनं त्या दोघांना पुन्हा एकमेकांचंच स्थळ पाठवलं. नवऱ्यानं कौतुकानं लगेच 'पसंत' दाबलं.

बायकोचं उत्तर आलं, "विचार करून कळवते!"

* * *

एका वाचनालयाचा किस्सा. तिथं मराठी पुस्तकं, कन्नड पुस्तकं आणि थोडी इंग्रजी. यादी कॉम्प्युटरवर. वाचनालयाच्या कमिटीत मराठी आणि कन्नड अशी सरळ दोन टोकं. यादीत कुठली भाषा आधी यावी, यावर एक अख्खी मीटिंग झालेली. आमचा परशराम येळ्ळूरचा, कट्टर मराठी गावचा, म्हणजे त्याचं मत कुठल्या बाजूला हे विचारायलाच नको.

नवीन कॉम्प्युटर आला. जुना बॅकअप त्यावर चढवायचा होता. परशरामानं चढवला, पण अक्षरांची एक सेटिंग राहून गेली. दोन्ही बाजूची मंडळी स्क्रीनभोवती जमली. यादी उघडली.

सगळ्या मराठी पुस्तकांची नावं: प्रश्नचिन्हं. सगळ्या कन्नड पुस्तकांची नावं: प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी!

मराठीवाले अध्यक्ष कन्नडवाल्या सेक्रेटरीकडे बघायला लागले, सेक्रेटरी अध्यक्षांकडे. दोघांनाही वाटलं हे दुसऱ्यानंच करायला लावलंय. परशराम घामाघूम.

तेवढ्यात रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा पुढे झाले. चष्मा वर करून त्यांनी स्क्रीन निरखली. इंग्रजीची सतरा पुस्तकं, स्वच्छ, ठळक, एकेक अक्षर शाबूत.

"बघा रं," आजोबा म्हणाले, "तुमच्या भांडणात हिचंच भलं झालं!"

परशरामानं सेटिंग बदलून पुन्हा बॅकअप चढवला तेव्हा दोन्ही भाषा एकदमच परतल्या. अध्यक्ष आणि सेक्रेटरी, दोघांनीही टाळ्या वाजवल्या. एकमतानं झालेली ती पहिलीच गोष्ट असावी.

* * *

एक जरा गंभीर. एका छोट्या हॉस्पिटलात सकाळी दहाला, ऐन गर्दीत सर्व्हर बसला. बाहेर बाकावर पन्नासेक पेशंट. डॉक्टर मॅडमचा फोन, "किती वेळ लागेल?"

"दोन तास."

"दोन तास हे पेशंट काय करतील? कुणाला कुठलं औषध चालत नाही ते सगळं त्याच्यात आहे!"

मी आणि परशराम पोचलो तेव्हा मॅडम टेबलाशी बसून पेशंट तपासत होत्या, आणि त्यांच्या मागं शकुंतला सिस्टर उभ्या. केस पांढरे, हातात एक साधी वही. पेशंट आत येईल तसं त्या सांगत होत्या, "ह्यांना शुगर हाय. ह्यांना गेल्या खेपेला सल्फाच्या गोळीनं अंगावर उठलं होतं. ह्या गरोदर हाइत, अजून घरात सांगितल्यालं न्हाय, हळू बोला." मॅडम ऐकत होत्या आणि लिहून देत होत्या.

दत्तू नावाचे एक म्हातारे आले. ताप होता. मॅडमनी इंजेक्शन लिहिलं. सिस्टरनी त्यांचं पेन धरलं. "पेनिसिलीन न्हाय. ह्यांना द्यायचं न्हाय."

दीड तासात आम्ही सगळं परत आणलं. बॅकअप आदल्या संध्याकाळचा होता, तोवरची एक ओळही गेली नव्हती. मला भारी वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, सिस्टरनी जे जे सांगितलं ते आता कॉम्प्युटरशी ताडून बघू. एकेक नाव काढलं. सगळं बरोबर. फक्त दत्तू आजोबांपुढे लिहिलेलं, ॲलर्जी नाही.

मॅडमनी आजोबांच्या लेकीला बोलावलं. ती म्हणाली, "व्हय की, त्या इंजेक्शननं आबांचा श्वास कोंडलता. तवा सिस्टरच होत्या." मग कळलं, त्याच नावाचे दुसरे एक पेशंट होते. नोंद करताना कुणीतरी दोघांची अदलाबदल केलेली. मूळ माहितीच चुकीची, आणि आम्ही ती चूक इमानेइतबारे रोज जपत आलो होतो!

सिस्टर वही मिटून ड्रेसिंगकडे निघालेल्या.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "आता असं करा," त्या म्हणाल्या, "सिस्टरवरून कॉम्प्युटर रिस्टोर करा!"

* * *

आणि कल्लाप्पा सर.

कडोलीच्या बाजूला एका गावात राहतात. शाळेतून रिटायर झाल्यावर त्यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. बायका दळता दळता गायच्या, सर रेकॉर्ड करायचे. कुणी गायली, कुठल्या गावात, कशावर, सगळी नोंद. दहा वर्षांचं काम एका डिस्कमध्ये.

ती डिस्क कपाट सरकवताना खाली पडली. सर पिशवीत गुंडाळून आमच्याकडे घेऊन आले. अण्णांनी विचारलं, "बॅकअप?"

"होता की. एक 'मूळ' नावाचं फोल्डर, एक 'बॅकअप' नावाचं."

"दोन्ही कुठं?"

सरांनी पिशवीकडे बोट दाखवलं. दोन्ही त्याच डिस्कमध्ये!

आम्ही तिघांनी तीन आठवडे झटून जे निघेल ते काढलं. नोंदी सगळ्या आल्या. आवाज मात्र बरेच गेले होते. आम्ही यादी केली: कुठल्या ओव्या आहेत, कुठल्या नाहीत. सर यादी घेऊन निमूट गेले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन, "या म्याडम, गावाकडं. बायका पुन्हा म्हणणार हाइत."

आम्ही तिघंही गेलो. सरांच्या पडवीत जातं मांडलेलं. सात-आठ बायका. सगळ्यात म्हातारी गंगाक्का, ऐंशीच्या पुढची. मी म्हटलं, "आक्का, तुम्हाला पुन्हा त्रास."

"त्रास कसला गं? गेल्या खेपेला मधीच ठसका लागलता मला. बरं झालं ते गेलं!"

दुपारपर्यंत एकेक ओवी परत आली. परशराम यादीवर टिक मारत होता. शेवटी एकच ओळ उरली. तिच्यापुढं सरांच्या आईचं नाव. त्यांना जाऊन दोन वर्षं झालेली. परशरामानं नुसतं सरांकडं बघितलं.

"तेवढी राहू दे," सर म्हणाले. आणि सगळ्यांना चहा ठेवायला सांगितला.

चहा होईतोवर सरांची पुतणी अश्विनी आली. बेंगळुरूला नोकरीला असते, सुट्टीला आली होती. बॅग ठेवली, मोबाइल कट्ट्यावर टाकला आणि पाय धुवायला मागे गेली.

मोबाइल वाजला.

जात्याची घरघर, आणि तिच्यावर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. जरासा चिरका, पण ठाम.

"अगं बाई," गंगाक्का म्हणाली, "ही तर कल्लाप्पाची आई!"

अश्विनी ओल्या पायांनी धावत आली. "सॉरी काका, कॉलेजात असताना लावलेली रिंगटोन, तुमच्याच रेकॉर्डिंगमधून घेतलेली... ऑफिसचा फोन आहे," म्हणत तिनं फोनकडे हात नेला.

"उचलू नको," सर म्हणाले.

तिचा हात थांबला.

"राहू दे गं. वाजू दे."

रिंग पुरती वाजली आणि बंद झाली.

सरांनी सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा मोबाइल काढला, चष्मा लावला, आणि अश्विनीचा नंबर लावला.